एक पोट्टा म्हणजे ७.१४ टक्के

१३ मे २०२५, दुपारी एक. दहावीच्या निकालाचा दिवस. ऑफिसातल्या कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसती गरम हवा फेकत होता. आमचे बाबू बोर्डाच्या साइटवर एकेक बैठक क्रमांक टाकत होते आणि मी शेजारी कागद घेऊन बसलो होतो. चौदा नंबर होते. तेरावा उघडला तेव्हा माझ्या कागदावर बारा बरोबरच्या खुणा आणि एक फुली होती. चौदाव्याला दुसरी फुली पडली.

बाबूंनी मोबाइलवर भागाकार केला. "८५.७१ सर." मग जरा थांबून म्हणाले, "मागच्या साली शंभर होता ना जी आपला?"

होता. त्या शंभराबद्दल पुढे लिहितो, ते टाळता येणार नाही.

त्या दिवशी राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. नऊ विभागांत कोकण ९८.८२ घेऊन सगळ्यात वर आणि आपलं नागपूर ९०.७८ घेऊन सगळ्यात खाली. म्हणजे आम्ही सगळ्यात खालच्या विभागाच्याही खाली. संध्याकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन आला आणि चार दिवसांनी पत्र: 'इयत्ता दहावीचा निकाल १४.२९ टक्क्यांनी घसरल्याबाबत संबंधित विषयशिक्षकांनी लेखी खुलासा सादर करावा.' संबंधित विषयशिक्षक म्हणजे इंग्रजीच्या मॅडम आणि मी. माझ्याकडे गणित आणि विज्ञान आहे.

पत्र मी दोनदा वाचलं. १४.२९ म्हणजे दोन पोरं. चौदातला एक पोट्टा नापास झाला की ७.१४ टक्के जातात, दुसरी पोट्टी गेली की आणखी ७.१४, आणि दशांशाच्या पुढचं गोळाबेरीज करून १४.२९. हजार पोरांच्या शाळेत दोघं नापास झाली तर कोणाला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे पत्र येतं.

शाळेचं नाव लिहीत नाही. नोकरीची सात वर्षं शिल्लक आहेत. पूर्व नागपुरात, कळमन्याच्या अलीकडे, पाचवी ते दहावी, प्रत्येक वर्गाची एकच तुकडी, मराठी माध्यम, खासगी अनुदानित. सगळा पट मिळून शंभराच्या आत. पगार सरकार देतं, शाळा संस्था चालवते, आणि मुलं आम्ही शोधून आणतो. शेवटचं वाक्य गंमत म्हणून लिहिलेलं नाही. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, आम्ही सगळे शिक्षक डोक्याला दुपट्टा बांधून वस्त्यांमधून दारोदार फिरतो: "ताई, पाचवीत कोणी आहे का जी?" पट नसेल तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद जातं, आणि पद गेलं की माणूस 'अतिरिक्त' होतो. सरकारी कागदावर माणसाला अतिरिक्त म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन रात्री झोपलो नव्हतो.

त्याच आठवड्यात अमेरिकेतून माझ्या भाचीचा व्हॉट्सअ‍ॅप आला. ती मिनेसोटात सेंट पॉलला राहते. तिच्या मुलाला एका छोट्या चार्टर शाळेत घालावं की नेहमीच्या सरकारी शाळेत, यावर नवरा-बायकोचं जमत नव्हतं. तिनं शाळेच्या निकालाची पीडीएफ पाठवली आणि लिहिलं, "मामा, तू मास्तर आहेस, तूच बघ आणि सांग."

चार्टर शाळा म्हणजे काय, ते तिनंच फोनवर समजावलं. पैसा सरकारचा, फी नाही, पण शाळा चालवणारं मंडळ वेगळं, आणि त्याचा सरकारमान्य यंत्रणेशी करार. त्या कराराला म्हणायचं चार्टर. करारात सांगितलेलं काम दाखवलं नाही तर करार संपतो, शाळा बंद. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश. हा कायदा अमेरिकेत सगळ्यात आधी १९९१ साली तिच्याच राज्यात झाला आणि पहिली चार्टर शाळा १९९२ साली तिच्याच गावात उघडली. मी म्हटलं, अगं, मग ही आमच्या अनुदानित शाळेची चुलत बहीणच झाली. ती हसली. "पण मामा, तुमच्याकडे करार संपत नाही." खरं आहे. आमच्याकडे करार संपत नाही, पट संपतो.

पीडीएफ मी रात्री गच्चीवर बसून पाहिली. आपल्याकडे शाळेचा निकाल म्हणजे एक आकडा, फार तर मुलं-मुली वेगळे. तिथे तक्ता होता. आडव्या ओळीत विषय, उभ्या रांगेत मुलांचे गट: गोरे, काळे, हिस्पॅनिक, आशियाई, इंग्रजी शिकत असलेले, अपंग, आणि सवलतीच्या जेवणाला पात्र असलेले. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानं तिथल्या शाळांना असा गटवार निकाल दाखवणं बंधनकारक केलं. सरासरीच्या पांघरुणाखाली गरिबांची पोरं झाकली जाऊ नयेत, हा हेतू. हेतू मला फार आवडला.

पण त्या छोट्या शाळेच्या तक्त्यात अर्ध्या चौकोनांत आकडाच नव्हता. एक चांदणी होती. खाली बारीक अक्षरात खुलासा. गटात फार थोडी मुलं असली की निकाल दाखवायचा नाही, कारण आकड्यावरून मूल ओळखू येईल. ही मर्यादा राज्याराज्यात वेगळी असते, पण बऱ्याच ठिकाणी दहा.

मी बराच वेळ त्या चांदण्यांकडे पाहत बसलो. मग आत जाऊन वही आणली आणि आमच्या चौदाचा तसाच तक्ता काढला. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरण्याचं काम तीन वर्षांपासून माझ्याच गळ्यात आहे ('सरांना कॉम्प्युटर येते'), त्यामुळे प्रवर्ग तोंडपाठ होते.

अनुसूचित जाती पाच, पाचही पास. शंभर टक्के.
अनुसूचित जमाती एक. पास. शंभर टक्के, म्हणजे पारशिवनीकडचा एक गोंड पोट्टा, जो आत्याकडे राहून शिकतो.
ओबीसी सहा, पाच पास. ८३.३३.
खुला प्रवर्ग दोन, एक पास. पन्नास टक्के!

कुठलाही हुशार माणूस हा तक्ता पाहून म्हणेल की या शाळेत खुल्या प्रवर्गाच्या मुलांकडे दुर्लक्ष होतं. अमेरिकेत असतो तर चारही चौकोनांत चांदण्या असत्या आणि मी शांत झोपलो असतो.

त्या 'खुल्या' दोघींबद्दल सांगतो.

पहिली मिनीमाता नगरची. नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं, कळमन्याजवळची ही वस्ती छत्तीसगडी लोकांची, आणि मिनीमाता या छत्तीसगडच्या खासदार होत्या. हिचे वडील बाजारात हातगाडी ओढतात. जात सतनामी, म्हणजे अनुसूचित. पण महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला हवा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून घराणं इथे राहत असल्याचा पुरावा लागतो. (ओबीसीसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. या तीन तारखा मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ आहेत.) हिचे आजोबा त्यानंतर आले. दाखला नाही, म्हणून शिष्यवृत्ती नाही, म्हणून पोर्टलवर 'जनरल'. आमच्या शाळेतली सगळ्यात गरीब पोरं कोणत्या रकान्यात आहेत असं कोणी विचारलं तर मी बिनदिक्कत सांगेन, खुल्या.

मातृभाषेच्या रकान्यात तिच्या आईनं 'हिंदी' सांगितलं होतं. पाचवीत आली तेव्हा पोरगी काहीही विचारलं की एकच म्हणायची, "मोला नइ आवय." मला येत नाही. आठवीपर्यंत मी समजत होतो की तिचं गणित अर्धंच पक्कं आहे. समीकरणं सटासट सोडवायची आणि शाब्दिक उदाहरणं कोरी ठेवायची. एक दिवस सहज एक उदाहरण हिंदीत वाचून दाखवलं. माझं वाचून व्हायच्या आत तिनं उत्तर सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तीन वर्षं उशिरा. त्यानंतर तिनं वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचा कोश केला, मी तो पाहिला आहे. दुप्पट = दुगुना. निमपट = आधा. वजा = घटाना. अनुक्रमे = क्रम से. 'द.सा.द.शे.' पुढे तिनं नुसतं लिहिलं होतं: ब्याजवाला.

तिला ८८.४० टक्के पडले. शाळेत पहिली. मराठीतही पहिली.

दुसरी 'खुली' मुलगी खरोखर खुल्या प्रवर्गातली. वडील घरोघरी पूजा सांगायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणावर. आई केटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटायला जाते, लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. घरी वडिलांचं सगळं या पोरीकडे. ती इंग्रजीत गेली. गरिबीचा म्हणून जो रकाना आहे त्यात हिच्या नावापुढे 'नाही' आहे, कारण घराचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही. यादी झाली तेव्हा वडील चालते-फिरते होते.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगत होतो तर ती म्हणाली, "मामा, आमच्या इथला आशियाईचा रकाना तसाच आहे." सेंट पॉलमध्ये ह्मोंग लोकांची मोठी वस्ती आहे, १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेली. त्यांची नातवंडं आणि तिचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर आई-बापाचा, मुलगा, सगळे एकाच 'एशियन' रकान्यात. मग सरासरी काढायची आणि म्हणायचं, आशियाई मुलं हुशार असतात.

आमच्याकडे तसा ओबीसी. पोर्टलवर चारच खाने आहेत: जनरल, एससी, एसटी, ओबीसी. महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्ग वेगळा आहे, कोष्टी त्यात येतात, पण खाना नाही म्हणून ओबीसीत टाकायचे. तांडापेठेतून येणाऱ्या दोन मुलांचे आजे विणकर होते. घरी ते स्वतःला हलबा म्हणवतात, कागदावर कोष्टी. हलबा ही अनुसूचित जमात, पण हलबा-कोष्टी तिच्यात येत नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००० चा निकाल या भागात अजूनही पानठेल्यावर तारखेसकट चर्चेत असतो. मी त्या वादात पडत नाही. प्रवेशाच्या वेळी बाप 'हलबा' सांगतो आणि दाखल्यावर 'कोष्टी' असतं, तेव्हा बाबू माझ्याकडे पाहतात आणि मी खिडकीबाहेर.

आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर एकदा कोणी अभ्यासकानं पाहायला हवं. लाकडी कपाटात आहे, वाळवीनं एक कोपरा खाल्लाय. सुरुवातीच्या पानांवर जातीच्या रकान्यात 'हिंदू-महार' अशा ओळी, आणि १९५६ च्या दीक्षेनंतरच्या पानांवर त्याच आडनावांपुढे 'बौद्ध'. कोण्या गुरुजींनी टाक बदलला असावा, शाई जास्त गडद आहे. पालकाच्या धंद्यात पानंच्या पानं 'एम्प्रेस मिल', 'मॉडेल मिल', 'विणकर'. १८७७ ची एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. आता त्या रकान्यात 'मजुरी', 'हमाल', 'ऑटो', आणि ज्यांना सांगायचं नसतं त्यांचं 'खाजगी'. मिलमधल्या माणसाची पाळी ठरलेली होती, तो पोराला रोज संध्याकाळी विचारू शकत होता, आज काय शिकवलं. हमालाला गाडी कधी लागेल हे देवालाही माहीत नसतं.

आता दुसरी फुली. हा ओबीसीतला, तेली. वडील कळमना मार्केटात हमाल. मृगाच्या बहराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात उतरतात, आणि यंदा बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीपासून १७ मार्चपर्यंत होती. दोन्हींचा हंगाम एकच. रात्री गाड्या खाली करायच्या, पहाटे लिलाव, सकाळी अकराला पेपर. वर्गात तो तिसऱ्या बाकावर, भिंतीला डोकं टेकवून झोपायचा. मी उठवत नसे. चूक असेल, पण नसे. जागा असला की तोंडी हिशेबात मला हरवायचा. मी म्हणायचो, सेहेचाळीस क्रेट, एकाचे साडेतीन रुपये. "एकशे एकसष्ट," डोळे न उघडता. वर्गसमीकरण काढलं की मात्र विचारायचा, "हे कुठी लागते सर?" कुठे लागतं याचं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणायचो, पेपरात लागते.

गणित आणि विज्ञान, दोन्हीत गेला. दोन्ही माझेच विषय.

आणखी एक गोष्ट पोर्टलवर दिसत नाही. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. शिक्षणहक्क कायदाही आठवीपर्यंतच, सहा ते चौदा वयाचा. नववीत पाऊल टाकलं की खिचडी बंद. अमेरिकेत जेवणाच्या सवलतीवरून गरिबी मोजतात, कारण ती उत्पन्न पाहून मिळते. आपल्याकडे आठवीपर्यंत सगळ्यांना आणि नववीपासून कोणालाच नाही, त्यामुळे मोजायची सोयच नाही. पण मला मोजता येते. मधल्या सुट्टीत दहावीची कोणती पोरं शेडजवळच्या नळावर उगाच रेंगाळतात ते मी पाहतो. खिचडीवाल्या मावशीही पाहतात. लहानांचं झालं की तळाशी उरलेलं डब्याच्या झाकणात घालून देतात आणि म्हणतात, "घे बाप्पा, भांडं घासाले हलकं होईन." हा झोपाळू त्या रेंगाळणाऱ्यांत पहिला असायचा.

खुलासा लिहायला बसलो तर बाबूंनी मजकूर तयारच ठेवला होता. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गासाठी तोच जातो: 'विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती व पालकांची उदासीनता.' म्हणाले, "इतकंच लिहा सर, यावर कोणी काही विचारत नाही."

पालकांची उदासीनता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता या पोराचा बाप शाळेच्या फाटकाशी उभा होता, रात्रीची गाडी उतरवून थेट. खांद्यावरचा गमछा घामानं पिवळा पडलेला. मला म्हणाला, "सर, पोट्ट्याचा पेपर पुन्हा पायता येते काय जी?" मी गुणपडताळणीची फी, तारीख, सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की दोन विषयांत इतकं अंतर आहे की पडताळणीनं काही व्हायचं नाही. तो थोडा वेळ फाटकाच्या गजाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "माई चूक झाली. मार्चमधी त्याले न्याले नको होतं."

मी 'उदासीनता' खोडलं. खुलाशात लिहिलं: परीक्षेस बसलेले १४, उत्तीर्ण १२, अनुत्तीर्ण २, दोघांची पुरवणी परीक्षेची तयारी जूनमध्ये शाळेत घेण्यात येईल. चार ओळी. सचिवांनी काही उत्तर दिलं नाही.

आणि आता तो शंभर.

२०२४ ला आमच्या शाळेतून सोळा बसले, सोळा पास. गावभर नाही तरी वॉर्डभर फ्लेक्स लागला, त्यात माझाही फोटो होता. राज्याचा निकाल त्या वर्षी ९५.८१ होता, म्हणजे आम्ही राज्याच्या वर. फ्लेक्सवर जे नव्हतं ते असं: आदल्या वर्षी नववीत अठरा होते. दोघांना आम्ही सतरा नंबर भरायला लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १७ नंबरचा फॉर्म भरला की मूल दहावीला 'खासगी विद्यार्थी' म्हणून बसतं. सोय चांगली आहे, शाळा सुटलेल्या कितीतरी बायांनी तिच्यामुळे दहावी केली आहे. पण खासगीवाल्यांचा निकाल बोर्ड वेगळा मोजतं. तो शाळेच्या टक्केवारीत येत नाही. एवढं कळलं की पुढचं कोणालाही सुचतं. नववीच्या शेवटी कच्च्या मुलाच्या पालकाला बोलवायचं, खुर्ची द्यायची, गोड बोलायचं. "रोज शाळेत यायची कटकट नाही, काम करता करता परीक्षा देईल." हे सगळ्या शाळा करत नाहीत. आम्ही केलं. त्यातल्या एकाच्या आईशी मी स्वतः बोललो. ती दाखल्याच्या अर्जावर सही करताना थांबली आणि म्हणाली, "सर, शाळा तर हेच राहीन ना जी याची?" मी म्हटलं, हो, म्हणजे तसंच. तिनं सही केली. अक्षरं एकेक सुटी होती, शिरोरेघ नव्हती.

ते दोघं बसले असते आणि गेले असते, तर निकाल अठरात सोळा, ८८.८९. यंदाच्या ८५.७१ च्या शेजारी ठेवून पाहा. घसरण तीन टक्के आहे. बाकीचे अकरा टक्के घसरले नाहीत, ते कधी नव्हतेच.

मागच्या महिन्यात पारडीजवळ माझी गाडी पंक्चर झाली. ढकलत ढकलत दुकानावर नेली तर ट्यूब काढायला तोच पोट्टा. त्यानं ओळखलं, मला दोन क्षण लागले. १७ नंबरनं बसला होता, चार विषय राहिले, पुन्हा बसला नाही. पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधता शोधता त्यानं विचारलं, "सर, यंदा किती लागला रिझल्ट आपल्या शाळेचा?"

आपल्या म्हणाला.

ऐंशी रुपये झाले. शंभराची नोट दिली, त्यानं वीस परत केले. ठेव म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण म्हणालो नाही. ते फारच स्वस्तात सुटणं झालं असतं.

भाचीला हे सांगितलं नाही. पण तिला एवढं विचारायला सांगितलं: त्या शाळेत सहावीत किती मुलं येतात आणि आठवीपर्यंत किती उरतात? मधून गेलेली कुठे जातात? चार्टर शाळांवर तिथेही हाच आरोप होतो की कच्च्या मुलांना गोड बोलून दुसरीकडे पाठवतात. चांगल्या की वाईट, यावर अभ्यासही काही एका बाजूनं बोलत नाहीत. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राच्या २००९ च्या पाहणीत गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के वाईट, उरलेल्यांत फरक नाही. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात सरासरीनं चार्टरची मुलं वाचनात १६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे, गणितात ६. मी तिला म्हटलं, हे सगळे लाखो मुलांचे आकडे. तुझ्या शाळेच्या वर्गात वीस पोरं. तू जाऊन मधल्या सुट्टीत बस. कोण कुठे उभं राहतं ते बघ.

शिवाय आकडा कोण ठरवतं, हेही मास्तर म्हणून पाहिलं आहे. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडीचे वीस गुण काढले तर ७७.१० वर आला. गुण परत दिले, २०२० ला ९५.३०. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ लागला. पोरं तीच, मास्तर तेच, कळमन्याचा बाजारही तोच.

पुरवणी परीक्षेसाठी जूनमध्ये त्या दोघांना रोज सकाळी सात ते नऊ बसवलं. मुलगी वडिलांना चहा-पोळी करून यायची, कधी पावणेआठला. हा वेळेवर यायचा, कारण जूनमध्ये संत्री नसतात. वर्गसमीकरणं मी सोडूनच दिली. संभाव्यता, सांख्यिकी आणि अर्थनियोजन, एवढं घट्ट केलं. जीएसटीचं बिल त्याला एका दिवसात आलं, अडत्याची पट्टी वाचता येणाऱ्याला ते येणारच. मध्यक शिकवायला मी चौदा जणांचेच गुण फळ्यावर लिहिले, नावं न घालता. तो पाहत राहिला आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा मी."

जुलैअखेर निकाल लागला. दोघंही पास. तो गणितात ३८. पेढे नाही आणले, चार संत्रागोळ्या आणल्या, बाबूंना दोन आणि मला दोन. शाळेच्या फाइलीत मार्चचा निकाल आहे तो ८५.७१ च राहणार. पुरवणीचा त्यात मिळवत नाहीत. बाबूंनी तरी पेन्सिलनं समासात '१४/१४' लिहून ठेवलं आहे.

यंदाच्या दहावीचं मात्र जूनमध्येच ठरवायचं होतं. नववीतले तिघं कच्चे होते, फेरपरीक्षेत कसेबसे काठावर आले. शाळा उघडली त्या आठवड्यात बाबू रजिस्टर घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "सर, या तिघांचं काय करायचं? सतराचे फॉर्म सुटतीलच आता." मुख्याध्यापक माझ्याकडे पाहायला लागले. सचिवांचं पत्र टेबलावर काचेखाली होतं, कोणी मुद्दाम ठेवलं होतं की कसं, माहीत नाही.

मी म्हटलं, दहावीत टाका.

बाबूंनी सतरा नावं लिहिली. मग सवयीनं मोबाइल काढून भागाकार केला आणि मला स्क्रीन दाखवली. ५.८८.

त्या तिघांतला एक चार दिवसांपासून आलेला नाही. आधारवर त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, ते दुरुस्त करायला गेला असेल, किंवा कामाला लागला असेल. मोबाइल बापाकडे असतो आणि बाप उचलत नाही. उद्या शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर घरी जाऊन बघतो.